मुलांना कणखर करायचंय? मग या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी पोडियमवर क्रिकेट रंगतं. आउट की नॉट आउटवरून दोघांचं वाजलं, की पाच मिनिटांत दोघांच्याही आया खाली हजर! भांडण मिटवायला मुलं शिकणार कधी? हातघाईवर आलेलं नसेल तर गॅलरीतूनच लक्ष ठेवा. घरी आल्यावर 'मग काय ठरलं तुमचं?' एवढंच विचारा.

दुसरी चूक वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची. रात्री दहा वाजता आई विचारते, 'उद्या काय आणायचंय?' आणि ज्याला शाळेत जायचंय तो सोफ्यावर टीव्ही बघतोय. तिसरी-चौथीतल्या मुलाने डायरी स्वतः लिहावी, दप्तर स्वतः भरावं. वही राहिली तर बाईंना त्यानेच सांगावं. बाई रागावतील, तो घरी येऊन रडेल. रडू द्या, जवळ बसा. 'उद्यासाठी काय करूया?' हे मात्र रडू ओसरल्यावरच विचारा. आधी विचारलंत तर ते उलटतपासणीसारखं वाटतं.

याच्या अगदी उलट चूकही होते, आणि मला ती जास्त घातक वाटते: 'आमच्या वेळी आम्ही एकटे जायचो' म्हणत मुलाला एकदम सोडून देणं. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी काही दशकं अभ्यास केला. गरिबी आणि घरातल्या ताणातूनही जी मुलं सावरली, त्यांच्या पाठीशी निदान एक तरी मायेचं मोठं माणूस होतं. शिवाय त्यांच्यातल्या अनेकांवर घरातल्या कामाची जबाबदारीही होती.

म्हणून पायऱ्या करा. टीएमटीने, म्हणजे ठाणे पालिकेच्या बसने, क्लासला जायचंय? आधी सोबत जा. मग तिकीट त्याला काढू द्या, स्टॉप त्याला ओळखू द्या. नंतर त्याच बसमध्ये मागे बसा. एकटं पाठवायचं ते त्यानंतर, वय आणि रस्ता बघूनच. तो नाहीच म्हणाला तर टोमणे मारू नका, एक पायरी मागे या.

आणि मुलाला कोणी रोज छळत असेल, पैसे मागत असेल, नकोसा स्पर्श करत असेल, तर त्याला 'तुझं तू बघ' म्हणू नका. त्याच दिवशी शाळा गाठा. गरज पडली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.