प्रतिभा की तंत्र : एक डाव कसा तपासावा

अव्वल बुद्धिबळपटूंमध्ये प्रतिभा श्रेष्ठ की तंत्र, हे ताडून पाहण्यासाठी तत्कालीन विश्वविजेता बोटविनिक आणि आव्हानवीर ताल यांच्यातील १९६० च्या विश्वविजेतेपद सामन्यातील सहावा डाव घ्यावा. पट काळ्याच्या, म्हणजे तालच्या, बाजूने मांडून विसाव्या खेळीनंतरचा भाग झाकावा आणि आपली खेळी कागदावर लिहूनच पुढे पाहावे. तालने एकविसाव्या खेळीत घोडा एफ४ या घरावर (एफ ही उभी पट्टी, ४ ही आडवी ओळ) टाकून त्याचे बलिदान दिले. मात्र त्याआधीच त्याचे दोन्ही हत्ती सी पट्टीवर एकामागे एक उभे होते आणि प्याद्याने ई५ सोडताच जी७ वरच्या उंटाचा कर्ण (तिरकी रेषा) मोकळा होणार होता, हे अवश्य टिपावे. माझ्या मते ही पूर्वतयारी म्हणजे निव्वळ तंत्रच होय. संगणक शेवटी लावावा, कारण तो बलिदानातील त्रुटी लगेच दाखवतो, पण घड्याळ चालू असताना बचाव शोधणे किती अवघड होते ते दाखवत नाही. ताल तो सामना १२½–८½ असा जिंकला.

त्यानंतर याच दोघांच्या १९६१ च्या परतीच्या सामन्यातील डाव पाहावेत. एकोणपन्नास वर्षांच्या बोटविनिकने वजीर लवकर पटावरून घालवून तालला मोजकीच मोहरी उरलेल्या रुक्ष अंतिम टप्प्यांत ओढले आणि १३–८ अशी सरशी साधली.