युवा क्लबचा उपक्रम आखताना

क्लबवर नवीन आलेले कार्यकर्ते बहुधा मुलांना थेट विचारतात, "काय करायला आवडेल?" उत्तर ठरलेलं: "काहीही." नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालतं. त्यापेक्षा 6 ते 8 पर्याय खर्च आणि वेळेसकट फळ्यावर लिहा, 2 जागा मुलांच्या सूचनांसाठी मोकळ्या सोडा आणि प्रत्येकाकडून 3 पसंती चिठ्ठीवर घ्या. हात वर करायला सांगितलं की मित्राकडे बघून हात वर जातात.

निकाल लागला की पाळायचा. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 साली अशा सहभागाची 8 पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या 3 पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मतं विचारून शेवटी आपलंच खरं करणं त्यातच मोडतं. जे जमणार नाही ते मुळात यादीत घालू नका.

2 तासांची संध्याकाळ धरली, तर पहिली 20 मिनिटं मुलं एकेक करून येत राहतात. तेव्हा मधूनच सामील होता येईल असं काहीतरी मांडून ठेवा: टेबल टेनिस, कोडी. मुख्य उपक्रम 40-45 मिनिटं पुरे. सूचना साहित्य वाटण्याआधी द्या. हातात वस्तू आली की कुणी ऐकत नाही. बाद करणारे खेळ शक्यतो नकोत. ज्याला सरावाची गरज असते तोच आधी बाद होतो आणि मग बसल्या बसल्या खोड्या काढतो. बाद झालेल्याला समोरच्या संघात घ्या, प्रश्न मिटतो.

हाताला काम देणारे उपक्रम चांगले रंगतात. उदाहरणार्थ, सायकलचं पंक्चर काढणं. 4 जणांच्या गटाला एक जुनी ट्यूब, पाण्याचं घमेलं, पॉलिश पेपर, सोल्यूशन आणि पॅच द्या. खिडक्या उघड्या ठेवा. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबला तर तो सुटतो. चकाकी जाईपर्यंत काही मिनिटं थांबावंच लागतं. गोंधळ नेमका याच मिनिटांत सुरू होतो, म्हणून तेवढ्यात करायला चेन पुसायचं काम हाताशी ठेवा. वीसेक मुलांना एकच संच असेल तर हा उपक्रम घेऊच नका.

खोलीत कायम 2 कार्यकर्ते हवेत, यात सवलत नाही.

शेवटी "मजा आली का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. "यातलं काय वगळू?" असं विचारा, आणि पुढच्या आठवड्यात कोण आलं नाही ते हजेरीत बघा.