अक्षरी रुपये, पायथन आणि अनोळखी लोकांनी उघडलेले इश्यू

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी लायब्ररी लिहिली, म्हणजे दुसऱ्यांनाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड. काम एकच, आकडा दिला की मराठीत अक्षरी करून द्यायचा, चेकवर आपण "अक्षरी रुपये" लिहितो ना तसं. पावत्या छापायला मला ती लागत होती, मग म्हटलं गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायच्या साइटवर टाकू, कुणाला तरी उपयोग होईल. तोपर्यंत चार वर्षं मी नोकरीत कोड लिहीत होतो, पण कोड कसा लिहायचा हे खरं शिकलो ते त्यानंतर, अनोळखी लोकांनी उघडलेल्या इश्यूंमधून, म्हणजे तिथे नोंदवलेल्या तक्रारी-मागण्यांमधून. नवीन मुलं विचारतात सुरुवात कशी करू, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

पहिला इश्यू आला तो ९९ वर. मराठी आकडे तुम्हाला माहितीयेत, एकवीस बावीस तेवीस, प्रत्येकाचा शब्द वेगळा. मला त्यात २९, ३९, ४९ चा एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असा नियम दिसला म्हणून मी दशक आणि एकक जोडून शब्द तयार करणारा कोड लिहिला होता, आणि ९९ दिला की तो एकोणशंभर म्हणायचा. मी अजून एक इफ टाकून दुरुस्त करायला निघालो तर इश्यू उघडणाऱ्याने लिहिलं, अहो ९९ शब्दांची सरळ यादीच ठेवा की, वाचणाऱ्याला डोळ्यांनी तपासता येईल. बरोबर होतं त्याचं. साठ ओळींचं लॉजिक गेलं, एक यादी आली, आणि त्यानंतर त्या भागात एकही बग आलेला नाही. स्टाइल म्हणजे फक्त स्पेस किती आणि नाव कसं द्यायचं एवढंच नसतं, ही पहिली गोष्ट मला तिथे समजली.

दुसरी गोष्ट, भाषेत आधीच काय आहे ते माहीत पाहिजे. "१२५०" असे देवनागरी अंक आले तर ते बदलून घ्यायला मी एक डिक्शनरी (कुठल्या अंकाऐवजी कुठला, याची जोड्यांची यादी) लिहिली होती. एकाने दाखवलं की पायथन ३ चं इंट फंक्शन, जे स्ट्रिंगचा म्हणजे मजकुराचा आकडा करतं, देवनागरी अंक थेट घेतं, काहीच करावं लागत नाही. मी खूश झालो, डिक्शनरी काढली, आणि आत आलेली स्ट्रिंग आकडा आहे का हे तपासायला इझडिजिट वापरलं. महिन्याभरात नवीन इश्यू. कुणीतरी पीडीएफमधून रक्कम कॉपी केली होती आणि तिला तळटीपेचा वर चढलेला बारीक इंग्रजी दोन चिकटून आला होता. इझडिजिट त्याला अंक म्हणतं, इंट मात्र घेत नाही, प्रोग्राम व्हॅल्यूएररने बंद. तिथे इझडेसिमल पाहिजे होतं. ही तीन फंक्शनं आहेत, इझडिजिट, इझडेसिमल, इझन्यूमेरिक, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. आपल्या लिपीसाठी काही लिहिणार असाल तर हे आधी वाचून घ्या.

आता वॉलरस ऑपरेटर. कोलन आणि बरोबरचं चिन्ह एकत्र, एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला किंमत द्यायची सोय. यावरून २०१८ मध्ये पायथनच्या लोकांमध्ये इतका वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यावर त्याच जुलैमध्ये पायथनचे निर्माते ग्विडो व्हान रॉसम यांनी भाषेचा शेवटचा शब्द आपला असण्याची जागा सोडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये पायथन ३.८ सोबत तो आला आणि मला भयंकर आवडला, मी लाख-कोटी वेगळे करायच्या लूपमध्ये एका ठिकाणी वापरला. एका ठिकाणी! पण एकाच्या सर्व्हरवर ३.६ होतं, त्याची लायब्ररी इम्पोर्टच होईना. नवीन फंक्शन नसेल तर निदान ट्राय-एक्सेप्टने (चूक आली तर पकडणारा कोड) सांभाळता येतं, पण नवीन सिंटॅक्स, म्हणजे लिहायची रचनाच नवीन असली की ती फाइलच वाचली जात नाही. आणि ३.६ ला तेव्हा अधिकृत सपोर्ट होता, २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे चूक त्याची नव्हतीच. तेव्हापासून पॅकेजच्या माहितीत रिक्वायर्स-पायथन, म्हणजे कुठलं पायथन लागतं ते लिहितो, मग जुन्या पायथनवर पिप (पॅकेज बसवणारं टूल) आपोआप आधीची चालणारी आवृत्ती उचलतं. स्वतःच्या प्रोग्राममध्ये हवं ते फीचर वापरा, लायब्ररीत मात्र वापरणाऱ्याकडे कुठली आवृत्ती आहे तिथून विचार सुरू करावा लागतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका शिक्षिकेच्या मागणीने. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" असंही वाचायची पद्धत आली होती, त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्यांना सरावाचे कागद करायला तशीच सोय पाहिजे होती. मी तडक नाही म्हटलं, मराठी अशी नसते असंही लिहिलं, आणि इश्यू बंद केला. दुसऱ्या एकाने शांतपणे विचारलं, नेहमीची पद्धत तशीच राहू दे, ज्याला पाहिजे त्याने मागून घ्यावी, यात अडचण काय? अडचण काहीच नव्हती. मी माझं मत लायब्ररीच्या नावावर खपवत होतो. त्या बाईंची माफी मागितली, इश्यू परत उघडला.

पण मग कोडकडे बघितलं तर फंक्शनला आधीच दोन ट्रू-फॉल्स, म्हणजे हो-नाही पर्याय होते, एक रुपये शब्द लावायचा, एक शेवटी "फक्त" लिहायचं का, आणि आता तिसरा येणार. १२५०, ट्रू, फॉल्स, ट्रू हे वाचून कुणाला काय कळणार? म्हणून पद्धत हा नावाने द्यायचा पर्याय केला, आणि पॅरामीटरच्या यादीत आकड्यानंतर नुसता तारा टाकला. ताऱ्यापुढचं सगळं नाव लिहूनच द्यावं लागतं. डिझाइन चांगलं झालं, पण मी ते १.३ म्हणून सोडलं आणि जुन्या पद्धतीने लिहिलेला लोकांचा कोड एका रात्रीत मोडला. तेव्हा लोक चिडले ते योग्यच होतं. आधी एक-दोन आवृत्त्या नुसती वॉर्निंग द्यायची, मग बदल करायचा आणि त्याला २.० म्हणायचं, म्हणजे पहिला आकडा बदललेला बघूनच जुना कोड मोडू शकतो हे कळतं. त्यातही एक खाच आहे, डेप्रिकेशनवॉर्निंग (ही सोय पुढे जाणार अशी सूचना) नेहमीच्या वापरात बऱ्याचदा दिसतच नाही, पायथन ती लपवतं, म्हणून चेंजलॉगमध्ये, म्हणजे आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत, सगळ्यात वर लिहायचं.

फॉरमॅटिंगवर फार वेळ घालवू नका. पेप ८ ही पायथनची अधिकृत स्टाइल गाइड म्हणते ओळ ७९ अक्षरांची, ब्लॅक हे कोड आपोआप नीट मांडणारं टूल ८८ ला मोडतं, दोन्ही चालतं, प्रोजेक्टमध्ये जे असेल ते घ्या. फक्त दुसऱ्याच्या लायब्ररीत एका ओळीचा बग सुधारताना अख्खी फाइल ब्लॅकमधून काढून पाठवू नका, तपासणाऱ्याला खरा बदल सापडतच नाही.

आणि पहिला पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टसाठी सुचवलेला कोडबदल, पाठवायच्या आधी त्या प्रोजेक्टचे बंद झालेले इश्यू एक संध्याकाळ बसून वाचा, विशेषतः ज्यांना नकार मिळालाय ते. माझ्याकडेही तो "वीस एक"वाला इश्यू माझ्या पहिल्या उत्तरासकट तसाच ठेवलाय, पुसलेला नाही.