लीगच्या मोसमाची वही कशी ठेवायची

पोरांनो, फुटबॉलची लीग नुसती बघून कळत नाही, लिहून कळते. गणपती पेठेतून जाड, आडवी वही आणा. डावीकडे संघ, पुढे रकाने: सामने, जिंकले, बरोबरी, हरले, केलेले गोल, खाल्लेले गोल, फरक (केलेले वजा खाल्लेले), गुण. विजयाला 3, बरोबरीला 1. पेन्सिलच वापरा, खाडाखोड होतेच.

गुण सारखे झाले तर वर कोण, तो नियम मोसमाआधीच पहिल्या पानावर उतरवा. प्रत्येक लीगचा वेगळा असतो. इंग्लंडात 2011-12 ला मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे 89 गुण झाले. मँचेस्टर सिटी गोलफरकावर जिंकली, +64 विरुद्ध युनायटेडचे +56. आपल्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) 2020-21 ला मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघेही 40 वर. तिथं आधी आपापसातले सामने बघितले. मुंबईनं दोन्ही जिंकलेले, दुसरा तर अगदी शेवटच्या फेरीत 2-0. तक्त्यात पहिल्या येणाऱ्याची शील्ड मुंबईला! काय सामना होता तो!

म्हणून आपापसातल्या निकालांचा चौकोनी तक्ता वेगळा आखा. उभे-आडवे तेच संघ, तिरपी घरं काट मारून बंद. माझ्या मते वहीतलं सगळ्यात मोलाचं पान हेच. बाद फेरी यात मिसळू नका. तिला मागची दोन पानं राखा.