बिलिंगचा डेटा कामी आणायचाय? आधी या चुका टाळा

छोट्या दुकानांचे आणि होलसेलवाल्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय. हल्ली भेटीची सुरुवात ठरलेली असते: "साहेब, एवढा डेटा पडलाय, एक चांगला डॅशबोर्ड करून द्या, सगळे आकडे एका स्क्रीनवर दिसतील असा." मी आधी आयटमची यादी मागतो. ती छापून समोर ठेवली की बहुतेक वेळा डॅशबोर्डचा विषय मागे पडतो.

एकाच मालाला चार नावं

ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की आता चीड येते. सांगलीकडचं एक प्लंबिंग साहित्याचं होलसेल दुकान. मालकांची तक्रार अशी, की विक्री वाढतेय पण पैसा हातात राहत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून स्टॉक काढला. 'एल्बो अर्धा इंची' (एल्बो म्हणजे पाइप वळवायचा जोड): शिल्लक शून्य. 'हाफ इंच एल्बो': उणे १४०. 'एल्बो १५ एमएम': ६५०. अर्धा इंची आणि १५ एमएम म्हणजे एकच माप, हे त्या धंद्यातलं पोरही सांगेल. कॉम्प्युटरला ते कोण सांगणार? शून्य दिसलं की मालक नवी ऑर्डर टाकत, आणि माळ्यावर तोच माल पोत्यांनी पडलेला. पैसा तिथे अडकला होता.

हे होतं कसं? संध्याकाळची गर्दी, आयटम पटकन सापडत नाही, काउंटरवरचा मुलगा नवा आयटम उघडतो आणि बिल काढतो. गिऱ्हाईक जातं, नाव कायमचं राहतं. मी मुलाला दोष देत नाही. नवा आयटम उघडायची मुभा सगळ्यांना दिली, तिथे चुकलं.

मालकांच्या मुलाचं म्हणणं होतं, एक्सेलमध्ये सारखी नावं शोधून एका फटक्यात जोडून टाकू. मी साफ नाही म्हटलं. सीपीव्हीसी एल्बो आणि यूपीव्हीसी एल्बो (ही प्लास्टिकची दोन वेगळी मटेरियल) यांच्या नावात एका अक्षराचा फरक, पण सीपीव्हीसी गरम पाण्याला चालतं, यूपीव्हीसी चालत नाही. उलट 'हाफ इंच' आणि '१५ एमएम' यांत एक अक्षर जुळत नाही, आणि माल तोच. हे ओळखायला माल हाताळलेला माणूसच लागतो. गोडाऊन सांभाळणारे मामा, मी आणि छापलेली यादी, असे तीन रविवार आम्ही पोती उघडून बसलो. घाई असेल त्याने या कामात पडूच नये.

नाव लिहायची माझी पद्धत ठरलेली आहे: आधी मटेरियल, मग प्रकार, शेवटी साइज, तीही एमएममध्येच. गिऱ्हाईक 'अर्धा इंची'च म्हणणार, म्हणून ते नाव टॅलीत अलियास, म्हणजे त्याच आयटमचं दुसरं नाव, म्हणून टाकतो. नवा आयटम उघडायचा हक्क एकाच माणसाकडे.

गिऱ्हाइकांच्या खात्यांचंही हेच, पण तिथे नावावर जाऊच नका, जीएसटी नंबर बघा. १५ अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकाच पॅनची दोन खाती सापडली, तर त्या पार्टीला ठरवल्याच्या दुप्पट उधारी गेलेली असू शकते.

तारखा न तपासता बेरजा मारणं

कॉम्प्युटरची तारखेची सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ०५/०४ ला ५ एप्रिल न समजता ४ मे समजतं. १३/०४ ला तेरावा महिना मिळत नाही, म्हणून तो नुसता मजकूर होऊन बसतो. फाइल उघडली की मी आधी तारखेचा कॉलम बघतो. काही तारखा डावीकडे (म्हणजे मजकूर झालेल्या), काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की पुढे जात नाही.

थोडक्यात आणखी काही

परत आलेला माल वजा केल्याशिवाय विक्री मोजू नका. 'किरकोळ खर्च' हे खातं फुगत असेल तर दर महिन्याला ते उघडून वाटून टाका. बिलासाठी घेतलेल्या मोबाइल नंबरवर जाहिराती पाठवायच्या तर आधी विचारा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

जे विकलं तेवढंच बघणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती रिपोर्टमध्ये दिसतच नाही. बिलिंगमध्ये बिल झालेलंच येतं. गिऱ्हाईक विचारून रिकाम्या हाताने गेलं, याची नोंद कुठेच नसते. माल संपला म्हणून विक्री शून्य, आणि विक्री शून्य म्हणून मालक तो मागवणं बंद करतात.

यावर मी काउंटरवर एक वही ठेवायला लावतो. आपण ज्याला 'नाही' म्हटलं तो माल, किती हवा होता आणि तारीख, बस. सांगलीच्या त्याच दुकानात पहिल्या महिन्याच्या वहीत ३२ एमएमचा बॉल व्हॉल्व्ह अकरा वेळा आला. विक्रीच्या यादीत त्याच्यापुढे सहा महिने शून्य होतं, म्हणून मालकांनी तो लाल पेनाने खोडला होता. मामांना विचारलं, तर म्हणाले, "दिवाळीपासून तो आलाच नाही की, विकणार कुठून?"