ईएसआयची ‘सिक’ घेताना या चुका टाळा

कुपवाडच्या एमआयडीसीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-रजेच्या टेबलावर बसून माझी १९ वर्षं गेली. मशीनवर बोट कापून घेणाऱ्यांपेक्षा कागदापायी पैसे घालवणारेच मी जास्त पाहिले. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि आजारपणात त्यातून मिळणारे पैसे म्हणजे आमच्या भाषेत ‘सिक’.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी बरं व्हायचं आणि मग दाखला शोधायचा. तासगावकडचा एक पोरगा होता आमच्याकडे. त्याला डेंगी झाला. घरच्यांनी थेट मिरजेत खासगी दवाखान्यात टाकला. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, त्यात त्यांचं काय चुकलं? पण अकरा दिवस फोन नाही, निरोप नाही. बाराव्या दिवशी जाडजूड फाइल घेऊन दारात उभा. “अण्णा, एवढं सिकला लावा की.” आता काय लावू? ईएसआयला त्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. खासगी कागद पुरावा म्हणून दाखवता येतात, पण ते मानायचे की नाही हे त्यांच्या हातात. त्याचा रोजचा सरासरी पगार ६०० रुपये, त्याच्या ७० टक्के म्हणजे ४२०. पहिले २ दिवस सोडून ९ दिवसांचे ३,७८० रुपये होत होते. ईएसआयच्या ऑफिसात दोन हेलपाटे घातले आणि “जाऊ दे अण्णा” म्हणाला. गेलेच ते.

जिवावर बेतलं असेल तर जवळचा दवाखाना गाठाच. पण त्याच दिवशी घरातलं कुणीतरी ईएसआयच्या दवाखान्यात पाठवा. साधा ताप असेल तर पहिली पायरी तीच.

दुसरी तक्रार रोजचीच: “ईएसआयनं दोन दिवस खाल्ले.” अरे बाबा, पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआय देतच नाही. आधीचं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा पडलात, तरच हे दोन दिवस कापत नाहीत. मी ते दोन दिवस कंपनीच्या सीएलवर (किरकोळ रजेवर) टाकतो आणि तिसऱ्यापासून सिक. पण एकाच दिवसाची पगारी रजा आणि सिक, दोन्ही मिळत नाही. गैरहजेरीची खात्री ईएसआय कंपनीकडूनच करून घेतं, तिथं सापडतं. “पीएल (भरपगारी रजा) पण भरा, सिक पण लावा” म्हणणाऱ्या एका सुपरवायझरला मी दोनदा परत पाठवलं. अजून रामराम घालत नाही.

नवीन पोरांना तर घाईच फार. लागून तीन महिने झाले की सिक पाहिजे. सहामाहीत पगारातून ७८ दिवसांची ईएसआय वर्गणी कापलेली लागते, आणि एप्रिल-सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी-जूनला उपयोगी पडते, ऑक्टोबर-मार्चची जुलै-डिसेंबरला. द्राक्षाच्या छाटणीला म्हणून महिनोन्महिने गावी बसणारे इथंच मार खातात.

कामाला फिट असल्याचा ईएसआयचा दाखला घेतल्याशिवाय हजेरीचं पंच करू नका. सिकवर असताना मेव्हण्याच्या गाड्यावर वडापाव तळू नका. बँक खातं आधीच जोडून ठेवा.

महिन्याचा पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेवर गेला म्हणून कार्ड लगेच फेकू नका, चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापलीच जाते. साधी सिक वर्षाला ९१ दिवसच. पण टीबी, कॅन्सर धरून ३४ आजारांना ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते, म्हणून दर दिवाळीला कंपनी बदलणाऱ्यांनी खाडा पडू देऊ नये.