'रन' म्हणजे नुसतं पळणं न्हवं भावा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनला मामाच्या दुकानात मी सुट्टीला बसायचो तेव्हाची गोष्ट. एक फॉरेनची बाई आली, कापशी चप्पल उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "डू दीज रन स्मॉल?" मी छाती काढून सांगितलं, "नो मॅडम, नो रन, ओन्ली वॉक." बाई हसली, मामा पण हसला (त्याला काय कळलं देव जाणे), मग तिनं पायात घालून दाखवलं तर टाच मागं बोटभर बाहेर. म्हणजे नंबर लहान येतो का असं विचारत होती ती. तेवढ्यावर थांबली न्हाई, परत "डझ द कलर रन?" आता रंग कुठं पळणार, पण भिजल्यावर रंग जातो का असा तो प्रश्न होता.

तर ज्यांना ज्यांना हा शब्द नडतो त्यांच्यासाठी लिहितोय. पहिली गोष्ट, अर्थ पाठ करत बसू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले, 2011 ला त्याची बातमी पण आलेली, त्याआधी 1989 च्या आवृत्तीत 'सेट' 430 अर्थांनी पुढं होता. कोण पाठ करणार एवढं? आणि गरज पण न्हाई, आपलं 'लागणे' बघा की, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाटात गाडी लागते, दार लागतं, हे कुणी पाठ केलंय? शेजारी कोण बसलंय त्यावरनं कळतं, बस्स.

मग करायचं काय, वाक्यात 'रन' दिसला की आधी तिथं 'चालणे' घालून बघायचं. निम्मं काम इथंच होतं, कारण जिथं आपलं चालतं तिथं इंग्रजांचं पळतं. पंप चालू आहे, पिक्चर पंचवीस आठवडे चालला, बस दर दहा मिनिटाला आहे, सगळीकडं 'रन'. त्याच्या मागं लगेच एखादी वस्तू किंवा धंदा आला तर 'चालवणे' करायचं, म्हणजे "शी रन्स अ मेस" म्हणजे ती मेस चालवते. मेसमध्ये पळत न्हाई ती.

चालणे बसलं न्हाई तर 'वाहणे' घाला. नाक, नळ, नदी, रंग, पातळ झालेलं काहीही. हा अर्थ लई जुना आहे, जर्मन भाषेतला याचा भाऊबंद 'रिनन' आजही वाहणे, ठिबकणे याच अर्थानं वापरतात. आणि "द रन्स" असं कुणी तोंड वाकडं करून म्हणालं तर जुलाब झालेत, मिसळीचा कट वाढवू नका.

खरी गोची होते ती मागनं येणाऱ्या बारक्या शब्दांनी. क्रिकेटमुळं आपल्याला 'रन आऊट' म्हणजे बॅट्समन तंबूत एवढंच माहीत, पण "वी हॅव रन आऊट ऑफ शुगर" म्हणजे साखर संपली. "आय रॅन इनटू युवर अंकल" म्हणजे काका रंकाळ्यावर अचानक भेटले, आणि तिथंच 'इनटू' च्या जागी 'ओव्हर' टाकलात तर काका गाडीखाली! एका शब्दानं माणूस सीपीआरला (आमच्या कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) पोचतोय, त्यामुळं हे दोन तरी नीट घोकाच. गाडी स्वतः झाडाला 'रॅन इनटू' झाली तर मात्र तिथं भेट न्हवे, धडक.

काही ठिकाणी वरचं काहीच बसत न्हाई. साहेबाला मेसेज टाकताना "आय ॲम रनिंग अ फिव्हर" म्हणजे ताप आलाय, "रनिंग लेट" म्हणजे उशीर होतोय. निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड', म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो, मला तरी हे जास्त पटतं. आणि बँकेवर 'रन' आला म्हणजे ठेवी काढायला सगळी एकदमच दारात.

वहीत लिहायचं तर नुसता 'रन' लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, ते पण आपल्या घरातलं, दुकानातलं. माझ्या वहीत पहिलं वाक्य अजून त्या बाईचंच आहे. मामानं पण ते ऐकून ऐकून उचललंय, आता इचलकरंजीचं गिऱ्हाईक आलं तरी सांगतो, "पावनं, हे जरा स्मॉल रन हुतंय, एक नंबर मोठी घ्या."